पूजेत गेलेली भुकटी

मी राखाडी भुकटी आहे. चेहरा नाही म्हणून मला कोणी विचारत नाही; तोंड नाही, तरी आज बोलणार आहे. माझं नाव मॅग्नेशियम हायड्राइड. यवतमाळ जिल्ह्यातल्या ज्या कॉलेजात मी राहते, तिथे ते नीट कोणाला उच्चारता येत नाही. प्राचार्य मला ‘ते प्रियंकाचं’ म्हणतात.

संशोधन करणाऱ्या प्रियंकानं मला घडवलं. हवा काढलेल्या पोलादी डब्यात, पोलादी गोळ्यांनी तिनं मला कुटलं. वर चिमूटभर निकेल घातलं. निकेल म्हणजे लग्नातला मध्यस्थ: जुळवतो, मोडतो, स्वतः संसारात पडत नाही. तापवलं की मी हायड्रोजन सोडते, दाबानं भरला की पुन्हा घेते. निकेल नसतं तर या देण्याघेण्याला फार वेळ लागला असता. घेतलेलं परत देण्याची माणसांना सवय नाही. माझं कौतुक वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

दिवाळीनंतर बाहेरचे परीक्षक येणार होते. त्यांच्यासमोर मी पुन्हा पुन्हा भरून, रिकामी होऊन दाखवायचं. त्यावर प्रियंकाची पीएचडी.

मध्येच खंडेनवमी आली. वर्षभर कोणी हात न लावलेली यंत्रं त्या दिवशी पुसली गेली. संस्थेचे अध्यक्ष पंजाबराव पूजेला आले. सूक्ष्मदर्शकाला झेंडू, संगणकाला कुंकू वाहून ते माझ्या डब्यापाशी थांबले.

“यात काय हाय, पोरी?”

“हायड्रोजन साठवलाय, भाऊसाहेब. परत परत काढता येतो, भरता येतो.”

“दाखव बरं.”

“तो दिसत नाही. अन् उघडलं तर हवेनं भुकटी खराब होते.”

“हवेनं कायले खराब होते? आपण हवेतच राहून राह्यलो ना!”

सगळे हसले. प्राचार्य सर्वांत मोठ्यानं.

“उघड पटकन, प्रियंका. भाऊसाहेबांना कळंबला जायचंय.”

“सर, परीक्षक येणार आहेत...”

“परीक्षकाले मी सांगतो,” म्हणत पंजाबरावांनी स्वतःच झाकण फिरवलं.

मी पेट घेतला नाही, हा माझा सभ्यपणा. त्यांनी मला चिमटीत धरलं आणि अंगारा म्हणून कपाळी लावलं. मग प्राचार्यांनी. मग प्राध्यापकांची रांग लागली. विज्ञान शाखेत एवढी श्रद्धा मी आधी पाहिली नव्हती. नंतर त्यांची कपाळं चुरचुरली असतील, एवढंच समाधान.

शेवटी पंजाबरावांनी तांब्यातलं पाणी माझ्यावर ओतलं. मी फसफसले.

“निघाला! हायड्रोजन निघाला!”

टाळ्या झाल्या, फोटो निघाले. प्रियंका तेवढी भिंतीला टेकून उभी होती.

“लय भारी! पुढच्या महिन्यात मंत्री येऊन राह्यले. त्यायच्यासमोर हेच करजो.”

“आता नाही होणार, भाऊसाहेब.”

“काहून? तूच त म्हणत होती, परत परत होते म्हणून.”

“पाणी ओतल्यावर नाही होत.”

“करेल ती,” प्राचार्य म्हणाले.

आता मी मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा चिखल आहे. हाच पदार्थ पोट साफ व्हायला देतात; एवढ्या पूजेनंतर मिळालेली ही बढती. परीक्षकांची तारीख पुढे गेली. प्रियंकानं नवी भुकटी कुटली आणि कपाटात कुलूप लावून ठेवली. मला मात्र काचेच्या बरणीत भरून दाराजवळच्या टेबलावर मांडलंय. वर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी: ‘हायड्रोजन’.

तेव्हा मान्यवरहो, इकडे या. मला उघडा, कपाळी लावा, हवं तेवढं पाणी ओता. माझं आता काहीच बिघडत नाही. कपाटाकडे तेवढं जाऊ नका.