मेंढरांमागचं पाऊल

खोका क्रमांक १
वस्तू: कंपासपेटी, पत्र्याची. चित्रं तीन.
स्थिती: पेटी गंजलेली, चित्रं बरी.
शेरा: तिसरं चित्र सिल्लोडच्या एका जिनिंगच्या शेडचं. काढणारीचं वय चौदा. वडील कापूस घालायला आले की ती बैलगाडीवर बसून राहायची. बसून बसून कंटाळा आला म्हणून तिने छत पेलणाऱ्या त्रिकोणी कैच्या मोजायला घेतल्या. एक कैची वाकडी होती, ती तिने वाकडीच काढली आहे.

छापील फॉर्मवर शेऱ्याला दोन ओळींची जागा असते. पहिल्याच खोक्याला मी ती ओलांडली.

मी मोनिका. मुकुंदवाडीत राहते आणि एका संस्थेसाठी जुनी कागदपत्रं नोंदवते. माणसं आयुष्यभर कागद जमवतात. मी त्यांचे खोके करते, क्रमांक देते, संस्थेचा टेम्पो येतो आणि घेऊन जातो. या वेळचे कागद प्राध्यापक केसर दांडगे यांचे. वय चौऱ्याहत्तर, वास्तूंचा इतिहास लिहिणाऱ्या. विद्यार्थी त्यांना बाई म्हणायचे, म्हणून मीही बाई म्हणते.

खोके क्रमांक २ ते ६
(एकदम. आठवडा कमी आहे.)
एकतीस वर्षांच्या शिकवण्याच्या टाचणवह्या. दरवाजे, कमानी, हमामखाने यांची मोजून काढलेली चित्रं, दोनशे बारा. पत्रं. फोटो. एका पुस्तकाची मुद्रितं आणि ते पुस्तक.
स्थिती: चांगली. एका चित्रावर चहाच्या कपाचं गोल.
शेरा: ते गोल बाईंनीही मोजलं आहे. बाजूला पेन्सिलीने लिहिलंय, "व्यास साडेसात सेंमी, काळ अलीकडचा."

खोका क्रमांक ७
वस्तू: वह्या, अकरा.
स्थिती:

इथं मी थांबले, कारण विश्वजीत सरांचा फोन आला. सर संस्थेत बसतात आणि काय ठेवायचं, काय नाही, ते ठरवतात. मी त्यांना आदल्या दिवशी वह्यांचे फोटो पाठवले होते.

"मोनिका, या वह्यांत प्रत्येक आकड्यापुढं 'सो.' लिहिलंय. हे कसलं माप?"

"पावलं, सर. सोनाजी नावाच्या माणसाची पावलं."

"आणि सोनाजींचं पाऊल किती लांब?"

"तोच घोळ आहे, सर."

"मग कसं घ्यायचं? उद्या कुणी अभ्यासक आला, तर त्याला काय देऊ? तीनशे सोनाजी?" सर हसले, पण फॉर्मवर काय लिहायचं तेही सांगून टाकलं. "वह्या परत. टेम्पो शनिवारी येईल, सहा खोक्यांसाठी."

बाई समोरच गवारीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं.

"परत म्हणजे कुठं?" त्या म्हणाल्या. "हे घर महिनाअखेरीला सोडायचंय. लेकीच्या फ्लॅटात माझीच जागा मोजून ठेवलीय. सोमवारी रद्दीवाला येतो, त्याला दे."

"बाई, अकरा वह्या आहेत."

"मला ठाऊक आहे किती आहेत ते." त्यांनी एक शेंग तीनदा मोडली. गवार दोनदाच मोडतात.

स्थिती: उत्तम. एकही पान सुटलेलं नाही. म्हणजे तेहतीस वर्षांत कुणी फार उघडल्या नसाव्यात.

शेरा (फॉर्मच्या मागच्या बाजूला चालू):

शहराच्या उत्तरेला डोंगर आहेत. तिथून जमिनीखालून पाणी आणणाऱ्या जुन्या नहरी आहेत, त्यांच्याबद्दल पुष्कळांनी लिहिलंय. बाईंची नहर त्यांतली नाही. ही लहान, बिननावाची. हवेसाठी वर ठेवलेली तिची तोंडं अरुंद विहिरीसारखी, दगडी कडं असलेली. जटवाड्याच्या बाजूला मेंढरं चारणाऱ्या सोनाजींना ती माहीत होती, कारण कोकरू आत पडू नये म्हणून ते त्यांवर काटे टाकून ठेवायचे.

कॉलेजची टेप रविवारी मिळत नसे आणि बाईंना सुट्टी रविवारचीच. म्हणून दोन हिवाळे बाई वही घेऊन सोनाजींच्या मागं चालल्या. पुढं मेंढरं, मग सोनाजी, मग बाई. वीस पावलं झाली की सोनाजी एक खडा बंडीच्या उजव्या खिशातून डाव्या खिशात टाकायचे. बाई लिहायच्या. तोंड तीन ते तोंड चार, तीनशे सो. चार ते पाच, दोनशे चाळीस सो.

मग एका बुधवारी त्यांनी टेप मिळवली, सोनाजींना शहरातल्या छावणी भागात बोलावलं आणि बाजाराबाहेरच्या सरळ रस्त्यावर शंभर पावलं चालायला लावलं. पंचाहत्तर मीटर. एक सो. म्हणजे पंचाहत्तर सेंटिमीटर. बाईंनी तो नकाशा १९९१ साली छापला.

त्याच उन्हाळ्यात बाहेरून तिघं जाणकार आले. पाचव्या तोंडाजवळची जमीन सपाट करून झाली होती, वर काही दिसत नव्हतं. त्यांनी नकाशा धरून खणलं. माती लागली, मुरूम लागला. दुपारी जेवायला गेले ते परत आले नाहीत. अहवालात त्यांनी एक शब्द वापरला: काल्पनिक.

सोनाजी तेव्हा मेंढरं घेऊन गोदावरीच्या काठाला गेले होते, दाखवायला कुणी नव्हतं.

बाईंनी त्यानंतर दरवाजांवर लिहिलं, हमामखान्यांवर लिहिलं. नहरीवर नाही.

"मग तुम्ही सोनाजींना विचारलं नाही?" मी म्हणाले.

"काय विचारायचं? तुझी मोजणी चुकली म्हणून? खडा टाकायचा राहिला असेल एखाद-दुसऱ्या वेळी. माणूस दोन हिवाळे फुकट चालला माझ्यासाठी." बाईंनी शेंगा पाण्यात टाकल्या. "त्याला मी कळूही दिलं नाही. दर दिवाळीला येतो, चिवडा खातो, विचारतो, नहरीचं काय झालं. मी म्हणते, चाललंय. तू त्याला यात ओढू नकोस."

बाईंच्या फोनच्या डायरीत 'सोनाजी' नावापुढं नंबर होता. मी आदल्याच दिवशी फोन केला होता. हे मी बाईंना सांगितलं नाही. फॉर्मवरही नाही, आता लिहिते आहे.

गुरुवार

सोनाजी आणि त्यांची बायको सुगंधाबाई रिक्षातून उतरले. सोनाजींचं वय शहात्तर, पटका पांढरा, पायात नवे बूट. बुटांकडं बघत सुगंधाबाई म्हणाल्या, "मोजायचंय म्हून घातलेत. मी म्हणलं, पाय मोजायचेत का बूट."

बाई दारात आल्या. माझ्याकडं एकदाच बघितलं, ते पुरलं.

"ताय, पोरगी म्हणली माझं पाऊल लागतंय," सोनाजी म्हणाले. "घ्या. अजून हाय."

घरासमोरच्या रस्त्यावर मी टेप टाकली. सोनाजी चालले. वीस पावलं, आठ मीटर ऐंशी. पुन्हा चालले. नऊ मीटर वीस. म्हातारपणाचं पाऊल, त्यातून जुनं पाऊल कसं काढणार? मी टेप गुंडाळायला लागले. बाई म्हणाल्या, "झालं समाधान? चल, चहा ठेव."

सोनाजी मात्र रस्त्यातच उभे. "कशासाठी मोजताय पर?"

"बाबा, तुम्ही तेव्हा नहरीवर चालायचात, ते पाऊल केवढं होतं ते पाहिजे होतं."

"ते इथं कसं घावंल?"

"का?"

"मेंढरं कुठायत?"

मी बाईंकडं बघितलं. बाई दाराची चौकट धरून उभ्या होत्या.

"मेंढरांमागं माणूस आपल्या पावलानं चालतो का?" सोनाजी म्हणाले. "ती चालतील तसं चालायचं. बाजारात एकटा चाललो की ढांगा. मागं तायनं छावणीत चालिवलं, तवा मी बिडी आणायला निघाल्यावानी चाललो. लई मोकळी सडक व्हती ती."

"सोनाजीभाऊ," बाई म्हणाल्या, "हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुम्ही इचारलं नाय. तुम्ही म्हणला, चाला."

चहा मी ठेवला. बाईंनी तो प्यायला नाही. कपाचं गोल टेबलावर उमटलं, तेही मोजलं नाही.

तीन ते चार

शुक्रवार, सकाळ. आम्ही चौघं टेप घेऊन जटवाड्याकडं. तिसरं आणि चौथं तोंड अजून उघड्या माळावर आहेत, म्हणजे त्यांच्यातलं अंतर कधीही मोजता आलं असतं.

"तुम्ही का नाही मोजलं, बाई?"

"टेप मी स्वतः धरली होती ना छावणीत. माझ्या टेपवर शंका घ्यायची मला सवय नव्हती. म्हणून त्याच्या खड्यांवर घेतली."

तीस मीटरची टेप. एक टोक सुगंधाबाईंच्या हातात, कारण त्या म्हणाल्या, बूटवाल्याच्या हातात देऊ नका. एक टेप. दोन. तीन. मध्ये बाभूळ, वळसा नाही घ्यायचा, खालून. चार. पाच. आणि वर बारा मीटर.

एकशे बासष्ट.

तीनशे पावलं. बाईंनी भागाकार डोक्यातच केला, मी फोनवर. त्या आधी बोलल्या.

"चोपन्न."

मग त्या चौथ्या तोंडाच्या दगडी कड्यावर बसल्या. मला वाटलं, त्यांना चक्कर आली. त्या हसत होत्या.

"सोनाजीभाऊ, खडे बरोबर होते तुमचे."

"बरुबर नसायला काय झालं?"

"मी तेहतीस वर्षं धरून चालले होते की तुम्ही चुकलात. नहर सापडली नाही ती तुमच्या मोजणीमुळं, असं."

सोनाजी डोंगराकडं बघत होते. मग म्हणाले, "म्हंजी माझ्या नावावर फाडलं व्हय बिल?"

"व्हय," बाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

"आन् वरून दिवाळीचा चिवडा."

"त्यो खारट असायचा," सुगंधाबाई म्हणाल्या. "आता कळलं का ते."

"माझी चूक निघाली," बाई मला म्हणाल्या, जशी कुणी लॉटरीची गोष्ट सांगावी. "सगळी माझी. बघ, किती बरं झालं."

चार ते पाच

दोनशे चाळीस गुणिले चोपन्न. एकशे एकोणतीस मीटर साठ. नकाशात एकशे ऐंशी होते. त्या तिघांनी पन्नास मीटर पुढं खणलं होतं.

माळ संपतो तिथं आता प्लॉट पडले आहेत. टेप एका तारेखालून गेली, मेथीच्या दोन वाफ्यांतून गेली आणि एका घराच्या मागच्या अंगणात, कपडे धुण्याच्या दगडाशी संपली. दगडावर साबणाचं पाणी होतं आणि त्याच्यामागं एक बाई हातात पिळलेलं लुगडं घेऊन उभी होती. कडूबाई नाव. सिल्लोडकडून मुलाबरोबर इथं राहायला आलेल्या.

"टेप कशाची?" त्या म्हणाल्या. "रस्ता काढताय का आमच्या अंगणातून?"

"नाही हो मावशी. इथं जमिनीखाली एक जुनी नहर असावी, असं आम्हाला..."

"मग हाय की. त्यो दगड बाजूला सारा."

मी टेप सोडून दिली.

"वीस साल झाले आमाला," कडूबाई म्हणाल्या. "घर बांधताना घावलं. उन्हाळ्यात नळ गेला की पोहरा सोडते. झाडांना पुरतं." पपईची दोन झाडं होती, फळांनी लगडलेली.

दगड हलवायला तिघं लागले. खाली दगडी कडं, तिसऱ्या-चौथ्यासारखंच, अरुंद. बाई गुडघ्यांवर बसल्या. पदर सांभाळला नाही. कडूबाईंनी पोहरा सोडला, दोर सरकत गेला, खाली लागल्याचा आवाज आला आणि पोहरा अर्धा भरून वर आला. बाईंनी त्यात हात घातला.

"काल्पनिक," त्या म्हणाल्या आणि ओला हात सोनाजींच्या नव्या बुटांवर झटकला.

मी फोटो काढून विश्वजीत सरांना पाठवला: पोहरा, टेप, आणि वहीचं पान. सोबत हिशेब. सरांचा फोन आला तेव्हा कडूबाई आम्हाला पपई कापून देत होत्या.

"एकच ठिकाण जुळलं, मोनिका. योगायोग असेल तर?"

फोन मोठ्या आवाजावर होता. बाई म्हणाल्या, "विश्वजीत, पुढं सहावं तोंड आहे. एकशे दहा सो. म्हणजे एकोणसाठ मीटर चाळीस. तिथं गिरणी आहे दळणाची. गिरणीत फरशी फोडायला मी परवानगी काढते. तू येतोस का बघायला?"

"फोडू नका, बाई. सात खोके लिहितो. टेम्पो मोठा पाठवतो."

"मोठा कशाला? अकरा वह्या आहेत."

"पण त्या मापाची नोंद लागेल फॉर्मवर. नीट, एका ओळीत."

खोका क्रमांक ७ (पुन्हा)
वस्तू: वह्या, अकरा. नहरीची मोजणी, १९८८ ते १९९०.
स्थिती: उत्तम. एका वहीवर पपईचा डाग, कालचा.
माप: १ सो. = ५४ सेंटिमीटर, मेंढरांमागे चालताना.
मोजणारे: सोनाजी. लिहिणाऱ्या: केसर दांडगे.

शेऱ्याची जागा मी मोकळी ठेवली आणि फॉर्म बाईंपुढं केला. शनिवारी सकाळी टेम्पो दारात उभा होता, ड्रायव्हर हॉर्न देत होता. बाईंनी दोन ओळींत मावेल असं लिहिलं, अक्षर चौदाव्या वर्षीच्या चित्राखाली आहे तसंच, उभं:

"छावणीच्या सडकेवर मेंढरं नव्हती, हे माझ्या लक्षात आलं नाही. के. दां."

सोनाजी फाटकाशी खोके जाताना बघत होते. सातवा चढला तेव्हा त्यांनी बंडीच्या उजव्या खिशातून काहीतरी काढून डाव्या खिशात टाकलं.

"काय मोजता?" बाईंनी विचारलं.

"तंबाखूची डबी हाय. या अंगाला टोचती."

बाईंनी त्यांना आत बोलावलं. चिवडा केला होता, दिवाळी नसताना. सुगंधाबाईंनी आधी एकच दाणा तोंडात टाकून बघितला, मग वाटी पुढं ओढली.