घुमटाच्या कठड्यातला गज

मित्रांनो, उंच इमारतीच्या सज्ज्यातून तुम्ही कठड्याला धरून खाली वाकून पाहता, तेव्हा त्या कठड्यातल्या सळ्यांकडे तुमचे लक्ष जात नाही. जायचे कारणही नाही. तसाच एका कठड्यातला मी जुना लोखंडी गज. मुंबईच्या दक्षिण टोकाला जुन्या विधिमंडळाची एक दगडी इमारत आहे. तिच्या घुमटात आतून एक गोल सज्जा फिरतो. खाली पाहिले की सभागृह दिसते आणि वरच्या काचांतून सारी मुंबई दिसते. त्या सज्ज्याच्या कठड्यात मी उभा होतो. आता मी तिथे नाही. कापडात गुंडाळून, लाखेचे सील लावून मला कोर्टाच्या एका खोलीत ठेवले आहे. माझ्या एका टोकाला माणसाच्या रक्ताचा डाग आहे. तो कसा पडला, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म परळच्या एका लोहारशाळेत झाला. राजाराम नावाचा लोहार मला सांडशीत धरायचा आणि धर्मा नावाचा त्याचा जोडीदार घण मारायचा. भट्टीत लाल करायचे, ऐरणीवर आपटायचे, पुन्हा भट्टीत घालायचे. एका घावासरशी एक तापलेला कण उडाला आणि थेट धर्माच्या डोळ्यात घुसला. घण त्याच्या हातातून सुटला. तो गुडघ्यांवर बसला आणि जनावरासारखा ओरडला.

"पानी! अरे पानी आणा कोणीतरी!" राजाराम किंचाळला.

पाणी आले, पण डोळा गेला. दुसऱ्या दिवशी घणावर दुसरा माणूस आला आणि माझे उरलेले घाव त्याने घातले. मला वाटले, आता उंच जागी बसवले की मारझोड संपली. विधिमंडळात शहाणी माणसे बसतात, असे राजाराम अभिमानाने सांगायचा. पुढे घुमटात मला बसवताना त्याने माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "लोकांना पडू देऊ नको रे."

माझे काम खरोखर तेवढेच होते. मी ते मन लावून केले.

खाली शहाणी माणसे बसायची हे खरे. काहींची भाषणे ऐकताना सभागृह श्वास रोखून बसे. पण त्याच सभागृहात मी एकाला दुसऱ्यावर पितळी दौत भिरकावताना पाहिले. कपाळ फुटले, शाई आणि रक्त एकाच कोटावर सांडले. संपाच्या दिवसांत बाहेर मोर्चा अडवला होता. लाठ्यांचा आवाज वरपर्यंत यायचा, ओल्या कपड्यांवर मोगरी आपटावी तसा. डोके फुटलेला एक गिरणी कामगार कसाबसा प्रेक्षकांच्या बाकांपर्यंत पोचला आणि ओरडला, "बाहेर आमची डोकी फुटतायत आणि तुम्ही इथे भाषणं ठोकताय!" शिपायांनी त्याला केसांना धरून फरफटत नेले. पायऱ्यांवर त्याची टाच घासत गेलेली मी पाहिली. कामकाज पुढे चालू झाले.

मग विधिमंडळ दुसरीकडे गेले आणि आमच्याकडे कुलूप आले. काचा तडकल्या, पावसाचे पाणी गळू लागले, कबुतरांनी घरटी केली. माझ्या पायाशी पाणी साचायचे. हळूहळू तिथे गंज धरला. बऱ्याच वर्षांनी सरकारला इमारतीची आठवण झाली. डागडुजी निघाली, नव्या काचा आल्या, रंगारी आले. कोणी माझ्या पायाशी बसून गंज खरवडला असता तर! तसे झाले नाही. गंजावरच काळा रंग फासला. मी नव्यासारखा चमकू लागलो आणि आतून पोखरलेलाच राहिलो.

घुमट लोकांसाठी खुला झाला आणि माझे सुखाचे दिवस आले. शाळांच्या सहली यायच्या. गिरगावची मेघना नावाची तरुणी त्यांना माहिती सांगायची. सज्ज्यावर पहाऱ्याला दौलत असायचा. लालबागच्या चाळीत वाढलेला, मालवणकडचा, केस पिकलेला माणूस. "टेकू नका, वाकू नका, फोन सांभाळा," हे तो दिवसभर न रागावता म्हणायचा. कोणी लहान मूल घाबरले की त्याचा हात माझ्यावर ठेवायचा. "हेका धर. ह्यो सोडूचो नाय तुका."

मित्रांनो, त्या शब्दांनी मला किती बरे वाटायचे!

त्या दिवशी सकाळी माहीमच्या कोळीवाड्यातून बायकांचा एक जथा आला होता. त्यांची पुढारी पुतळाबाई. मासळीच्या धंद्यात आयुष्य गेलेली, आवाज असा की खालचे सभागृह घुमावे.

"अगो, समिंदर कुठे?" तिने काचेला नाक लावून विचारले.

"तो काय मावशी, टॉवरच्या मधे," मेघनाने दाखवले. "आणि त्या बाजूला शिवडीच्या क्रेन."

"एवढासा? आमचा समिंदर असा चिरडलाय व्हय रे यांनी!"

सगळ्या हसल्या. दौलतही हसला. तेवढ्यात खालून आरडाओरडा ऐकू आला.

झाले होते असे. खाली सभागृहात जुन्या चर्चांचे एक प्रदर्शन मांडले होते. त्यातल्या एका फलकावर आपल्या जुन्या पुढाऱ्याचा अपमान केला आहे, अशी एक चित्रफीत कोणीतरी मोबाईलवर पसरवली. फलकावर तसले काहीच नव्हते. मी तो रोज वरून पाहत होतो. पण त्या पुढाऱ्याचे अनुयायी म्हणून जे आले, ते फलक वाचायला आले नव्हते. दारावरच्या रखवालदाराला त्यांनी ढकलून पाडले आणि त्याच्या तोंडावर लाथा घातल्या. बाके उलटली. फलकांच्या काचा फुटल्या. एका कर्मचाऱ्याने हात जोडले, "भाऊ, नीट वाचा तरी." त्याच्याच खुर्चीने त्याला झोडपले.

"वर चला! काच फोडा घुमटाची!" कोणीतरी ओरडले आणि जिन्यावर पावले धडधडू लागली.

सज्ज्यातून उतरायला तो एकच जिना. दौलतने मेघनाला हाक मारली. "पोरी, बायकांका घेऊन पलीकडल्या बाजूक जा. भिंतीक चिकटून बसा. कठड्याकडे येव नको."

"काका, तुम्ही पण चला!"

"मी हय उभो रवतंय."

तो जिन्याच्या तोंडाशी हात पसरून उभा राहिला. त्याच्याकडे काठीसुद्धा नव्हती. पहिले दोघे वर आले, त्यांनी त्याला भिंतीवर आपटले. तो पुन्हा उभा राहिला. मागून आणखी आले. त्यांच्यातल्या एका जाडजूड तरुणाला काच फोडायला काहीतरी हवे होते. त्याची नजर माझ्यावर पडली.

त्याने मला दोन्ही हातांनी धरले आणि हिसडा दिला. मी जिवाच्या आकांताने धरून राहिलो. वर माझी पकड घट्ट होती, पण पायाशी तो गंज. पुन्हा हिसडा, पुन्हा हिसडा. रंगाचा पापुद्रा उडाला, पाय मोडला, वरचा सांधाही सुटला आणि मी त्याच्या हातात आलो. इतक्या वर्षांनी मी प्रथमच माझ्या जागेवरून हललो होतो.

पहिला तडाखा काचेवर बसला. काचेचा पाऊस पडला. एका कोळिणीच्या खांद्यात तुकडा घुसला, ती कळवळली. तो तरुण त्या बायकांच्या दिशेने वळला. त्याला त्यांना मारायचे होते की त्यांच्या मागची काच फोडायची होती, मला माहीत नाही. त्यालाही माहीत नसावे. त्याचे डोळे कुणालाच पाहत नव्हते.

दौलत धडपडत मध्ये आला. त्याने त्या चेहऱ्याकडे पाहिले आणि त्याचे पसरलेले हात किंचित खाली आले.

"दीपक?" तो म्हणाला. "अरे, दीपक ना तू? शेवंतीचो झील?"

मित्रांनो, तो दौलतच्याच चाळीतला मुलगा होता. त्या तरुणाने माझ्यावरची मूठ आवळली. तो ओळखला गेला होता. मागून कोणीतरी ओरडले, "काय बघतोस? घाल!"

"दीपक, ठेव ता खाली, बाबा," दौलत म्हणाला.

आणि मी त्याच्या डोक्यात बसलो.

हाड फुटल्याचा आवाज मी आतून ऐकला. घणाचे घाव मी सोसले होते, पण घाव घालणे म्हणजे काय, ते मला तेव्हा कळले. दौलत कोसळला. त्याचे रक्त माझ्यावरून ओघळत दीपकच्या मुठीपर्यंत गेले. दीपकने मला पुन्हा उचलले. भीतीने की रागाने, देव जाणे. तेवढ्यात पुतळाबाई भिंतीपासून सुटली. धावत आली आणि दौलतच्या अंगावर आडवी पडली. आपल्या लुगड्याचा पदर तिने त्याच्या डोक्यावर दाबला आणि मान वळवून वर पाहिले.

"आता मला मार! मार ना रे! तुझे आयशीसारखी हाय मी, मार!"

मी हवेत होतो. खाली यायचे की नाही, हे माझ्या हातात नव्हते. मला हातच नाहीत. मग दीपकची बोटे उघडली, मी फरशीवर आदळलो आणि घरंगळत दौलतच्या रक्तात जाऊन थांबलो. दीपक जिन्यावरून पळाला. खाली पोलिसांच्या शिट्ट्या वाजत होत्या. पळणाऱ्यांवर लाठ्या पडल्या, सापडलेल्यांना मार बसला, जिना रक्ताने माखला. पुतळाबाई तिथून हलली नाही. "डोले मिटू नको रं," ती दौलतला सारखी म्हणत होती. मेघना रुग्णवाहिकेला फोन लावत होती.

मला उचलले ते पोलिसांनी. माझ्या अंगाला चिठ्ठी लागली आणि मी मुद्देमाल झालो. दौलत जगला आहे, हे मला पुष्कळ दिवसांनी एका हवालदाराच्या बोलण्यातून कळले.

काही वर्षांनी खटला उभा राहिला. मला कोर्टात नेले, तेव्हा हवालदार मला मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसला होता. शेजारच्या बाकावर दौलत. त्याचा डावा हात लुळा पडला होता आणि बोलताना जीभ अडखळत होती. एक बाई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. ती शेवंती, दीपकची आई.

"भावोजी," ती हलक्या आवाजात म्हणाली, "तेचो बापूस गेलो, तेवा तुमीच खांदो दिलास. तुमका सगळा ठावक आसा. गर्दी होती, तोंड दिसला नाय, एवढाच म्हणा. माझो एकुलतो झील तो."

दौलतने उजव्या हाताने लुळा हात मांडीवर सावरून घेतला.

"शेवंती," तो म्हणाला, "माका दिसला गो. दिसला नाय, असा कसा सांगू?"

"चाळीत सगळे म्हणतत, दौलत आपलो माणूस आसा."

"आसंय मी. म्हणूनच तेका नावान हाक मारलंय."

तिने पदर तोंडात कोंबला आणि ती भिंतीशी जाऊन उभी राहिली.

आत मला उघडले. दौलतने उजव्या हाताने मला उचलले. सारे कोर्ट त्याच्या हाताकडे पाहत होते. मी जड आहे, पण त्याने मला आवाज न करता टेबलावर ठेवले. "हाच गज," तो म्हणाला. मग त्याने पिंजऱ्याकडे बोट केले. "आणि हा दीपक."

दीपकने मान वर केली. कोणी विचारले नसताना तो बोलला. "काका, तुम्ही बाजूला का नाय झालात?"

न्यायाधीशांनी त्याला गप्प केले. तरीही दौलतने सावकाश, शब्द शोधत उत्तर दिले.

"खय जाऊ? मागे बायका होत्या."

मग पुतळाबाईची साक्ष झाली, मेघनाची झाली. दीपकला शिक्षा झाली. चित्रफीत पसरवणारा मात्र सापडला नाही. "घाल!" म्हणून ओरडणाराही सापडला नाही.

निकालाच्या दिवशी मला परत गुंडाळून बाहेर आणले, तेव्हा शेवंती पायऱ्यांपाशी होती. दौलत एका हाताने भिंत धरून उतरत होता. मला वाटले, ती शिव्या देईल, थुंकेल. ती रडतच होती. तिने त्याची वाट अडवली आणि म्हणाली, "ह्या खरा सांगूक माझ्यान झाला नसता, भावोजी."

एवढे बोलून ती त्याच्या लुळ्या हाताच्या बाजूने उभी राहिली. दोघे एकेक पायरी उतरत गेली.

मित्रांनो, माझा नाश करावा, असा हुकूम झाला आहे. अपिलाची मुदत संपली की मला भंगारात देतील आणि वितळवतील. मला त्याचे दुःख नाही. ज्या जागी मला बसवले होते, ती जागा काळजीने राखली असती तर मी कोणाच्या हाती लागलो नसतो, एवढेच वाटते. तुमच्याकडे घर असो, पूल असो की विधिमंडळ, गंजावर रंग फासू नका.

आणि आणखी एक मागणे आहे. ते लोखंडाबद्दल नाही, माणसांबद्दल आहे. कधी तुम्ही गर्दीत असाल. मागून कोणीतरी ओरडत असेल. समोर हात पसरून उभा असलेला माणूस तुम्हाला तुमच्या नावाने हाक मारील. तेव्हा मागच्याचे ऐकू नका. आधी त्या हाकेला ओ द्या.