काचेचं दुसरं टोक

तोंड धुताना माणूस डोळे मिटतो, त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही. वहिनीलाही बेचाळीस वर्षं वाटलं नव्हतं. त्या सकाळी तिने साबण लावला, डोळे मिटले आणि पुढच्या क्षणी ती बेसिनखाली बसली होती, कोपराला खोक पडलेली. चक्कर आली नव्हती, पाय घसरला नव्हता. डोळे मिटताच पाय कुठे आहेत तेच तिला कळेनासं झालं, एवढंच.

डॉक्टरीणबाईंनी तिला पाय जुळवून उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितलं. सिस्टरने वेळेवर धरलं म्हणून दुसरं कोपर वाचलं.

"जमीन पायाला कशी लागते?"

"जाड मोजे घातल्यासारखी."

"कधीपासून?"

"हे गेले तेव्हापासून," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी हे कोण, कुठे गेले, काही विचारलं नाही. किती दिवस झाले ते विचारलं आणि कागदावर लिहिलं, दीड वर्ष.

नवरा गेला तेव्हा वहिनी रडली नव्हती. लोक आले, बसले, तिच्या तोंडाकडे टक लावून बघून गेले. बाई दगड झाली, असं म्हणाले. तिलाही ते पटलं. जेवण जाईना तेव्हा ती चहा-बिस्किटांवर राहिली, पुढे भूक लागायची थांबली आणि तेच अंगवळणी पडलं. मग जीभ लाल होऊन चुरचुरायला लागली, पायाला मुंग्या आल्या, पायऱ्या विचार करून उतराव्या लागायला लागल्या. हे सगळं तिने दुःखाच्या माथी मारलं आणि मोकळी झाली. आता कागद हातात पडला, त्यावर छापलं होतं की रक्तातलं बी-ट्वेल्व्ह पार तळाला गेलंय. वहिनीला चक्क फसवल्यासारखं वाटलं. बधिरपणा जर जीवनसत्त्वाचा होता, तर मग दुःख कुठे होतं? की ते झालंच नव्हतं? हा प्रश्न तिने कोणाला विचारला नाही. विचारणार तरी कोणाला?

इंजेक्शनं सुरू झाली. आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला. सिस्टर बोलघेवडी होती. "नसा रुसलेल्या असतात हो," ती सुई भरता भरता म्हणायची, "लगेच नाही येत वळणावर. आधी मुंग्या वाढतील, आग होईल. दुखायला लागलं की समजा, चाललंय बरं." वहिनी दंड पुढे करायची. सुई टोचलेली तिला कळायची, पण ती दुसऱ्याच कोणाला टोचतायत असं वाटायचं.

सूचना चार होत्या. मागे पट्टा असलेली चप्पल घालायची. अंधारात चालायचं नाही. रोज भिंतीला हात लावून एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवत चालायचं, आणि कोपऱ्यात खुर्ची पुढे घेऊन, डोळे मिटून उभं राहायचं. पहिल्या तीन तिने मुकाट्याने पाळल्या. चौथी होती, वजन उचलायचं नाही. ती तिने कोणाच्या कानावर जाऊ दिली नाही.

कारण दुकान काचा-आरशांचं होतं. दोघा भावांचं. काच कापायला, कडा घासायला एकटा माणूस पुरतो, पण न्यायला दोघं लागतात. थोरला आणि धाकटा पंधरा वर्षं काचेची दोन टोकं धरून लोकांचे जिने चढले. वहिनी मापं घ्यायची, कडा घासायची. थोरला गेल्यावर दहाव्या दिवशी ती दुकानात आली, खुंटीवरचे नवऱ्याचे चामडी हातमोजे चढवले आणि त्याचं टोक धरून उभी राहिली. धाकटा बघतच राहिला. पण काच न्यायची होती, बाहेर टेम्पो उभा होता. त्याने दुसरं टोक धरलं.

गेले काही महिने धाकट्याने वेगळंच टुमणं लावलं होतं. "वहिनी, तुम्ही आता काउंटरवर बसा. माझा मेहुणा रिकामाच आहे, तो धरेल काच." वहिनीला हे काउंटरवर बसणं चांगलं माहीत होतं. आधी बसायला उशी देतात, मग दुपारी घरी जा म्हणतात, मग सकाळी आला नाहीत तरी चालेल म्हणतात. आणि घरी काय होतं? दोन खोल्या, एक बेसिन. दुकानात निदान दिवस सरायचा. त्या टोकाला धरूनच ती उभी होती, ते सुटलं असतं तर ती कुठे गेली असती हे तिला खरोखर ठाऊक नव्हतं.

म्हणून ती बोलली नाही. आणि पाच आठवडे निभावलंही, ते काचेच्याच कृपेने. या दुकानात काच नेण्याची पद्धत थोरल्याने घालून दिलेली होती. दोघांनी काचेकडे तोंड करायचं, ती छातीशी उभी धरायची आणि आडवं आडवं, खेकड्यासारखं चालायचं. काचेतून आरपार दिसतं. वहिनी मान खाली घालून आपली पावलं बघायची आणि डोळ्यांनी बघून एकेक ठेवायची. पायांना जे कळत नव्हतं ते डोळे सांगत होते. धुरकट काचेचं काम आलं की ती सांगायची, माल चांगला नाही, पुढच्या आठवड्यात बघू.

एकदाच पंचाईत झाली. घाईघाईत जुनी, बिनपट्ट्याची चप्पल घालून ती दुकानात शिरली आणि टेम्पोवाला मागून एक चप्पल हातात घेऊन आला. "वहिनी, एक पाय दुकानात आणि एक रस्त्यावर ठेवून आलात की!" तो खो खो हसला. वहिनीही हसल्यासारखं करून चप्पल घ्यायला पुढे झाली. धाकटा पुठ्ठे कापत होता. तो हसला नाही.

मग नाचाच्या क्लासचं काम आलं. पहिला मजला, चार मोठे आरसे. टाळता येण्यासारखं नव्हतं, माप वहिनीनेच घेतलं होतं. ती मनाशी म्हणाली, कोपऱ्यात डोळे मिटून आता आपण दहापर्यंत मोजतो, मग नऊ पायऱ्या, वळण आणि पुन्हा नऊ पायऱ्या एवढं काय जड जाणार?

आरसा नेताना त्याचा चेहरा आपल्याकडे ठेवायचा, म्हणजे भिंतीला घासून ओरखडा पडत नाही. पहिला आरसा पायऱ्या मोजत मोजत वर गेला. दुसरा घेतला. धाकटा वरच्या टोकाला, वहिनी खालच्या. तिच्या तोंडासमोर तिचंच तोंड होतं, कपाळावर घाम, ओठ घट्ट मिटलेले. पावलं आरशामागे कुठेतरी होती. सात, आठ, नऊ. वळण आलं. धाकटा वळला तसा आरसा फिरला आणि त्यात तिच्या पाठीमागची जिन्याची खिडकी आली. खिडकी डावीकडे सरकली. वहिनीच्या डोळ्यांनी ते खरं मानलं. दुसरं काही सांगणारं तिच्याजवळ कोणी नव्हतंच, डोळे म्हणाले तिकडे अंग झुकलं. पाठ भिंतीला घासली. खालची पायरी तिच्या टाचेला लागत होती की टाच हवेत होती, तिला कळेना.

काच वाहणाऱ्यांत एक शब्द असतो. दोघांपैकी कोणीही तो म्हटला की दुसऱ्याने आहे तिथे काच टेकवायची, का म्हणून नंतर विचारायचं. त्या शब्दापुरतं अहो-जाहो नाही, थोरला-धाकटा नाही. वहिनीने दीड वर्षात तो एकदाही वापरला नव्हता. थोरल्यानेही शेवटच्या दिवशी वापरला नव्हता, असं धाकटाच सगळ्यांना सांगायचा. छातीत कळ आली तरी दादाने काच जागेवर नेऊन उभी केली, अवाक्षर काढलं नाही, आणि मग बसला तो बसलाच. लोक ऐकून माना डोलवायचे. वहिनीला त्या गोष्टीचा अभिमान वाटायचा की संताप यायचा, हे तिने तपासून पाहिलं नव्हतं.

"ठेव," ती म्हणाली.

तोंडातून आवाज जेमतेम निघाला. पण धाकट्याने आरसा असा खाली घेतला की जणू तो हातात तापला होता. टेकवला, भिंतीला कलता केला, गुडघा लावून अडवला. मग वहिनीच्या दोन्ही दंडांना धरून तिला पायरीवर बसवलं आणि स्वतः दोन पायऱ्या वर बसला.

झालं, वहिनीला वाटलं. उद्यापासून मेहुणा.

"मला पाय कळत नाहीत," ती म्हणाली. "पाच आठवडे इंजेक्शनं घेतेय. वजन उचलायचं नाही म्हणून सांगितलंय."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"चप्पल निघाली तेव्हाच कळलं. त्याआधीही. तुम्ही खाली बघून चालता."

"आणि तरी दुसरं टोक धरून चाललात?"

धाकटा हातमोजे काढायला लागला. एक निघाला, दुसरा निघेना, तो तसाच बोटांवर लोंबत राहिला.

"दादा म्हणाला होता," तो म्हणाला.

"काय म्हणाला होता?"

"ठेव म्हणाला होता. त्या दिवशी. दोनदा. मी म्हटलं, आता इथे कुठे ठेवतोस, चार पावलं राहिलीत, चल."

जिन्यात वरून गाण्याचा आवाज येत होता. कोणीतरी एकच तुकडा पुन्हा पुन्हा लावत होतं.

"तुम्ही म्हणायचात, हे काही बोललेच नाहीत."

"सगळ्यांना तेच सांगितलं. नंतर तेच खरं वाटायला लागलं. तुम्ही त्याचे हातमोजे घालून समोर उभ्या राहिलात तेव्हापासून नाही वाटत." त्याने नाक पुसलं. "रोज काच उचलली की मला दादाचं ते ठेव ऐकू येतं, वहिनी. म्हणून मेहुण्याचं म्हणत होतो. तुम्हाला बसा म्हणायचा मला काय अधिकार, म्हणून जोरही करत नव्हतो."

वहिनी ऐकत होती. तिला काहीच वाटेना. दीड वर्षात जसं काही वाटलं नव्हतं तसंच. तिने वाट पाहिली.

"ती काच?" तिने विचारलं.

"ती फुटली नाही. आठवड्याने जाऊन मी बसवली."

"एकट्याने?"

"त्यांचा शिपाई घेतला जोडीला."

म्हणजे ती काच होती. कुठल्यातरी ऑफिसात लोक तिच्यातून बाहेर बघत होते, रोज कोणीतरी तिच्यावर कपडा फिरवत होतं. थोरल्याने ठेव म्हटलं होतं. दोनदा म्हटलं होतं. तो कोणी मुकाट्याने मरणारा शूरवीर नव्हता, त्याला दुखत होतं आणि त्याने तसं सांगितलं होतं. आणि ती मात्र दीड वर्ष, एका शब्दाने मला काही म्हणाला नाही, म्हणून त्याच्यावर मनातल्या मनात रुसून बसली होती.

राग आला. एकदम आला, पोटापासून. समोरच्या माणसाला त्या जिन्यावरून ढकलून द्यावं एवढा आला. तिने हात उचललाही, पण बसल्या जागी तोल गेला आणि तोच हात पायरीला टेकावा लागला.

"आला का आरसा?" वरून क्लासच्या बाईंनी विचारलं.

वहिनीनेच आवाज चढवला. "इथे वळणावर ठेवलाय! दोन माणसं पाठवा, आम्ही आज नेत नाही!"

वर गाणं बंद झालं. आता ते लोक येतील, त्यांच्यासमोर असं बसून राहायचं नव्हतं. वहिनीने उठायचा प्रयत्न केला. एका बाजूला आरसा, दुसऱ्या बाजूला गुळगुळीत भिंत, धरायला काही नाही. आणि तेवढ्यात तिचे डोळे भरून आले. थांबता थांबेनात. सगळी बाई पाण्याने भरली होती की काय असे वाहायला लागले. जिना वितळून गेला, धाकटा पुसट झाला, पावलं कुठे आहेत ते दिसेना आणि दिसलं नाही की तिला ते कळतही नव्हतं. रडायचं तर उभं राहता येत नव्हतं आणि उभं राहायचं तर रडता येत नव्हतं.

तिने हात पुढे केला. धाकट्याने तो आधी नुसता बघितला, मग दोन्ही हातांनी धरला. हातमोजा अजून बोटांना लोंबत होता. ती उभी राहिली.

"मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका, भावजी," ती हुंदके आवरत म्हणाली. "पण हात सोडू नका. मला खालची पायरी दिसत नाही."