बतूलमावशीचं ‘नंतर’

रमजान आठवड्यावर आला की मेकनेस शहरातल्या घराघरांत तीळ भाजल्याचा वास सुटतो. गिझलानच्या डोक्यात मात्र तेव्हा घड्याळं सुरू होतात. रमजानच्या आधीच्या रविवारी सगळा देश घड्याळ तासभर मागे घेतो आणि महिना संपला की पुन्हा पुढे. माणसं हे आपापसांत सांगून मोकळी होतात. यंत्रांना ते अपडेटमधूनच कळतं, आणि ते काम गिझलानचं. घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या संस्थेत ती नोकरीला होती आणि तिथले दोनशे बारा कॉम्प्युटर नि मोबाइल तिच्या एकटीच्या गळ्यात होते. गेल्या वर्षी एकच मोबाइल राहिला. सेविका तासभर आधी दारात हजर झाली, आणि नव्वदीच्या आजोबांनी कवळी न लावताच तिचा उद्धार केला.

यंदा गुरुवारपर्यंत दोनशे अकरा झाले. राहिला तो संस्थेतल्या जुन्या सेविकेचा, बतूलमावशीचा. अपडेटची सूचना आली की ‘नंतर’ म्हणायचं, असं तिने त्रेचाळीस वेळा केलं होतं. गिझलानने मोजलं होतं, कारण तिला मोजायची खोड होती.

“मावशी, आज तरी होऊन जाऊ दे,” गिझलानने तिला जिन्यात गाठलं.

“अगं, चार्जिंग नाही गं.”

“मी लावते.”

“आज भाचीच्या सासरचे यायचेत. आणि चालत्या गाड्याला खीळ कशाला घालतेस? बरा चाललाय की!”

“मावशी, रविवारी घड्याळ बदलतंय.”

“माझं घड्याळ अल्लाने पोटात बसवलंय. ते चुकत नाही,” असं म्हणून बाई पिशवी सावरत निघूनही गेली.

हट्टी म्हातारी, गिझलान मनात म्हणाली. तिचा स्वभाव तापट नव्हता, पण दोनशे बाराऐवजी दोनशे अकरा हा आकडा तिला खड्यासारखा बोचत होता. शुक्रवारी दुपारी सगळं गाव एकेका मोठ्या थाळीभोवती वाफवलेल्या रव्याचं कुसकुस खायला बसतं. त्या तासभरात कुणी मोबाइलला हात लावत नाही, म्हणून गिझलानचे सगळे मोठे अपडेट त्याच वेळी निघत. तिने ऑफिसातूनच सक्तीचा हुकूम सोडला आणि स्वतःही आईकडे जेवायला गेली.

तिला एक ठाऊक नव्हतं. बतूलमावशी शुक्रवारी घरी जेवतच नसे. हज्जा तामू नावाच्या एकट्या आजींना भरवायचं, मग त्यांना औषध द्यायचं, मग ‘औषध दिलं’ हे बटण दाबायचं, असा तिचा शुक्रवार असे. त्या दिवशी मोबाइल काळा झाला, परत उजळला, आणि त्यावरची सगळी बटणं इकडची तिकडे झाली. मावशीने नेहमीच्या जागी बोट ठेवलं. तिथे आता ‘तातडीची मदत’ होती.

अँब्युलन्स किंचाळत गल्लीत शिरली. हातातले घास तसेच ठेवून शेजारीपाजारी धावले. आत हज्जा तामू निवांत भोपळा चघळत होत्या. एवढी माणसं बघून त्यांना आनंदच झाला. त्यांनी डॉक्टरांनाही थाळीशी जेवायला बसवलं म्हणे.

संचालक सी अब्दलिलाह, म्हणजे अब्दलिलाहसाहेब, यांना मात्र हसू आलं नाही. बतूलने सोमवारी स्वतःच्या हाताने लेखी खुलासा द्यावा, नाहीतर घरभेटी बंद, असं त्यांनी फर्मावलं. निवृत्तीला तिची दोन वर्षं उरली होती.

त्याच दिवशी चार वाजता बतूलमावशी गिझलानच्या खोलीत आली. दार तिने स्वतःच लोटलं.

“पोरी, तेवढं चार ओळी लिहून दे. चष्मा फुटलाय माझा.”

“स्वतःच्या हाताने म्हणालेत ना. थांब, माझा चष्मा लावून बघ.”

गिझलानने चष्मा काढून पुढे केला. मावशीने तो घेतला, डोळ्यांवर चढवला, समोरच्या कोऱ्या कागदाकडे पाहिलं आणि मग काढून टेबलावर ठेवला.

“चष्म्याने काय होणार गं,” ती म्हणाली. “मला वाचताच येत नाही.”

गिझलानने कोरा कागद बाजूला सारला.

“एकोणीस वर्षांपूर्वी कामाला लागले तेव्हा हात बघितले होते माझे, अक्षर नाही. गोळ्यांच्या पुड्या रंगाने ओळखते, एकही चुकली नाही आजवर. मग हे मोबाइल आले. शेजारची मुलगी शिकवून गेली. दुसरी ओळ, तिसरं बटण, औषध. खाली डावीकडे, पोहोचले. उजवीकडे, निघाले. महिनाभर उशाशी घेऊन घोकलं. आणि ते सूचनेचं भूत आलं की डावीकडचं दाबायचं, ते जातं.” तिचा आवाज बारीक झाला. “दर अपडेटला माझं घर कुणीतरी हलवून ठेवतं बघ. एका बाईचं घर असं किती वेळा हलवायचं?”

गिझलानच्या डोळ्यांत पाणी आलं. हट्टी म्हातारी म्हटलं होतं तिने! प्रत्येक अपडेट ती आधी ऑफिसातल्या तीन पोरांच्या मोबाइलवर चालवून बघायची. तिघंही वाचणारे, बटण कुठेही गेलं तरी नाव वाचून शोधणारे. म्हणजे तिने आजवर तपासलं ते काय?

त्या संध्याकाळी दोघींनी मिळून मावशीची सगळी बटणं जागेवर आणून बसवली. सोमवारी संचालकांच्या टेबलावर खुलासा गेला तो गिझलानचा. ‘चूक माझी आहे. बतूलची घरभेट चालू असताना, न विचारता, मी अपडेट लादला.’

“बतूलचा कागद कुठाय?” सी अब्दलिलाहनी विचारलं.

“चूक माझी, तर ती काय लिहिणार? उलट एक मागणं आहे, सी अब्दलिलाह. यापुढे प्रत्येक अपडेट बाकी सेविकांच्या आधी तिच्या मोबाइलवर घालायचा. ती हो म्हणेल तेव्हा बाकीच्यांना.”

“ती? तिला काय कळतं त्यातलं?”

“काय हललं ते तिला दिसतं. आम्हाला दिसत नाही.”

त्यांनी गिझलानचा कागद पुन्हा एकदा वाचला. त्यांना काय उमगलं, देव जाणे. “सांभाळून,” एवढंच म्हणाले आणि कागद फायलीत ठेवला.

रमजानच्या शेवटच्या आठवड्यात, घड्याळं पुन्हा पुढे न्यायच्या आधी, नवा अपडेट आला. रोज्याने ओठ सुकलेली बतूलमावशी गिझलानच्या शेजारी खुर्चीवर बसली. तिची तर्जनी पडद्यावरून सावकाश, ओळीओळीने फिरत गेली. ऑफिसातल्या त्या तीन पोरांना काहीच वावगं वाटलं नव्हतं. मावशीचं बोट खाली येऊन थांबलं.

“हे आलं-गेलं उलटं झालंय. पोहोचल्याचं उजवीकडे गेलंय, निघाल्याचं डावीकडे.” मग भीत भीत, “माझं चुकत असेल हं.”

गिझलानने वाकून पाहिलं. खरंच उलटं झालं होतं. दारात पाऊल टाकताच प्रत्येक सेविका निघून गेल्याची नोंद झाली असती.

“मग काय करू मावशी? सोडू बाकीच्यांना?”

आजवर बतूलमावशीला असं कुणी विचारलं नव्हतं. मग तिने पाठ ताठ केली, ओढणी सारखी केली.

“थांबव,” ती म्हणाली.

आणि गिझलानने सगळ्या संस्थेचा अपडेट थांबवला.