मेसेज पोहोचला

उन्नतीने सगळ्या बोटींना एकदम मेसेज पाठवणारा आपला प्रोग्रॅम पुन्हा चालवला आणि नारूकाकांच्या बोटीपुढे पुन्हा तेच उमटलं, ‘नंबर चुकीचा’. मेलं याला आजच काय झालं!

बाहेर वाळत घातलेले बोंबील वारा ओरबाडून नेत होता. डिसेंबरात असा वारा आळीत कोणी पाहिला नव्हता. वादळाचा इशारा आला तेव्हा बोटी केव्हाच बाहेर पडल्या होत्या, आणि नारूकाकांच्या बोटीवर तिचा धाकटा भाऊ होता, जीवन. त्याच्याकडे स्वतःचा फोन नव्हता. सकाळपासून कॉल एकही लागत नव्हता, मेसेज तेवढे कसेबसे सुटत होते. म्हणून मच्छीमार सोसायटीचा कारकून जिग्नेश बोटींची फाईल घेऊन तिच्याकडे धावत आला होता. बोट किनाऱ्याजवळ रेंजमध्ये आली की मेसेज जाऊन पडेल, एवढीच आशा.

“नारूकाकांना तरी हाताने टाक ना,” जिग्नेश म्हणाला.

“अर्ध्या आळीच्या बोटींचे मेसेज अडलेत, जिग्नेशदादा. कोणाकोणाला टाकू?”

तिने फाईल उघडली. आळीत ‘जय अंबे’ नावाच्या बोटी ढिगाने. त्या ओळखू याव्यात म्हणून सोसायटीने पुढे स्वल्पविराम देऊन मालकाचं नाव लिहिलेलं, आणि ते सगळं मिळून अवतरणचिन्हांत ठेवलेलं: “जय अंबे, नारू”. तिचा प्रोग्रॅम मात्र दिसेल त्या स्वल्पविरामावर ओळ तोडत सुटला होता. नंबराच्या जागी ‘नारू’ येऊन बसला होता.

“कर्म माझं! अवतरणातला स्वल्पविराम सोडायचा असतो.”

तिने आपली तोडातोड पुसून टाकली आणि पायथनमधलं सीएसव्ही, म्हणजे अशा स्वल्पविरामांनी तोडलेल्या फाईली, वाचायचं तयार साधन लावलं. घाईत साधा कंस बंद होईना. एकदाचा झाला. या वेळी नावं अख्खी राहिली, नंबर आपापल्या जागी आले, मेसेज सुटले. ती पडद्याला डोळे लावून बसली.

जय अंबे, नारू. पोहोचला.

“पोहोचला!” ती ओरडलीच. “रेंजमध्ये आहेत, दादा! जवळ आलेत!”

जिग्नेशने हात जोडले.

“उन्नती, अगं बघ ना काय आलंय.” शेजारची हंसाकाकी, नारूकाकांची बायको, दारात उभी होती. मासळीच्या ओल्या हातात फोन होता.

“हा कोणाचा फोन, काकी?”

“ह्यांचाच की. मागे एक पाण्यात गेला, तेव्हापासून घरीच ठेवून जातात. सगळेच ठेवतात.”

फोनवर उन्नतीनेच पाठवलेला मेसेज होता: ‘वादळ येतंय, लगेच परत या.’ तिने जिग्नेशकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली होती.

बाहेर आळीत एक फोन वाजला, मग पलीकडच्या घरातला, मग आणखी कुठला तरी. बायका फोन घेऊन ओट्यांवर येत होत्या.

“वाच ना गं,” हंसाकाकी म्हणाली. “दुसऱ्या कोणाच्या फोनवरून त्यांनीच केला असेल. कुठवर आले, ते लिहिलं असेल.”