मेत्सिंगच्या दोन सुना

हा-त्सेबो गावच्या मेत्सिंगला दोन सुना. थोरली मालिनेओ, धाकटी मथाकाने. दोघींचे नवरे सीमेपलीकडे खाणीत कामाला, त्यामुळे घरात म्हातारा, म्हातारी, या दोघी आणि थोरलीची पोरं.

आमच्या सोथो लोकांत सून सासऱ्याचं नाव घेत नाही. एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं, पण नावासारखा वाजणारा शब्दही तिला चालत नाही. मेत्सिंग म्हणजे पाण्यापाशी. पाण्याला आम्ही 'मेत्सी' म्हणतो. म्हणजे या घरच्या सुनांना पाणी हा शब्दच बंद. बाईमाणसाला दिवसात कितीदा पाण्याचं नाव काढावं लागतं, ते काय सांगायला हवं?

थोरली लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिला दुसरा शब्द दिला, 'मोएला', म्हणजे वाहतं. थोरलीनं तो असा धरला की कधी सोडला नाही. झऱ्यावर बायका आपापल्या सुनांना ऐकवायच्या, "मेत्सिंगच्या थोरलीकडे बघा जरा. झोपेतसुद्धा जीभ घसरत नाही तिची." मालिनेओ खांद्यावरचं ब्लँकेट नीट करायची आणि ऐकलंच नाही असं दाखवायची. पण त्या दिवशी घागर तिला हलकी वाटायची.

मग धाकटी आली. ह्लोत्सेच्या बाजारातली, तोंडाची फटकळ. सासूनं तिलाही मोएलाच सांगितलं. तर ही म्हणते, "तो जाऊबाईंचा झाला. माझा मी बघते."

आमच्या भाषेत वस्तूचं नाव एकटं चालत नाही. त्याच्या जातीचा आवाज मागून येणाऱ्या सगळ्या शब्दांना लागतो. नाव बदललं की सगळं वाक्य बदलतं. धाकटीनं 'विझवणं' आणि 'तहान' एकत्र केले, सुरुवातीला 'से' लावला आणि शब्द पाडला, सेतिमान्योरा. तहान विझवणारं. झऱ्यात हात घालून ओरडली, "सेतिमान्योरा सेना सेआ बाता!" हे पाणी गार आहे, एवढंच. पण ते से-से-से ऐकून बायका हसून हसून लोळल्या. आठवड्याभरात गावातल्या पोरींच्या तोंडी तोच शब्द. ज्यांच्या सासऱ्यांचा पाण्याशी काही संबंध नव्हता, त्याही म्हणायला लागल्या.

एका सकाळी घरापुढच्या वेताच्या पडद्यापलीकडून, जिथे सुनांनी जायचं नसतं, म्हाताऱ्याचा आवाज आला. तो बायकोला सांगत होता, "अगं, ते तहान विझवणारं आण बघू थोडं." आणि स्वतःच खुदकन हसला.

मालिनेओ चुलीवर लापशी ढवळत होती. ती खाली लागली.

"काय झालं जाऊबाई? करपल्याचा वास येतोय," धाकटी म्हणाली.

"मला नाही येत," थोरली म्हणाली.

त्या दिवसापासून तिला धाकटीचं चालणं खुपायला लागलं, हसणं खुपायला लागलं, दोरीवर ब्लँकेट वाळत टाकणंसुद्धा. आपला शब्द तिला जुन्या भाकरीसारखा वाटायला लागला. आणि एक दिवस भाजी निवडताना तिच्या लक्षात आलं. गावाला आपण 'मोत्से' म्हणतो. एक गाव असेल तर हरकत नाही. पण गावं अनेक झाली की 'मो'चा 'मे' होतो. मेत्से. सासऱ्याच्या नावाच्या अगदी दाराशी. ती स्वतः ते नेहमी टाळायची, 'एक गाव आणि आणखी एक' असं म्हणायची. धाकटीला हे कुणी सांगितलंच नव्हतं. थोरलीनंही सांगितलं नाही.

पूर्वजांच्या नावानं ज्वारीची बिअर काढली होती, त्या दिवशी म्हाताऱ्याचे भाऊबंद अंगणात जमले. मडकं फिरत होतं. धाकटी सगळ्यांना हसवत होती. थोरली गोड आवाजात म्हणाली, "मथाकाने, तुझ्या माहेरची वाट किती लांब ते सांग ना पाहुण्यांना. वाटेत काय काय लागतं?"

"बापरे, काय विचारू नका! आधी खिंड, मग नदी, मग टेकडी उतरलं की ओळीनं मेत्से..."

थोरल्या चुलतसासऱ्यानं मडकं खाली ठेवलं. सासूनं तोंडावर हात धरला. धाकटीला चूक कळली आणि ती जागच्या जागी खाली बसली, चेहरा राखेसारखा.

"हिच्या माहेराहून दंडाचं बकरं यायला पाहिजे," चुलतसासरा म्हणाला.

मेत्सिंगनं घसा खाकरला. सुनेकडे न बघता तो बायकोला म्हणाला, "वाटेत गावंच लागली तर पोरीनं काय म्हणावं? बकरं नको. सांग तिला, आजपासून तिला मोकळीक. पाण्याला पाणी म्हणू दे."

पाहुणे हसले, मडकं पुन्हा फिरू लागलं. मालिनेओ मात्र स्वयंपाकघरात आली आणि तिथे उभीच राहिली. पाठोपाठ सासू आली.

"एका चुकीवर मोकळीक?" थोरली म्हणाली. "लिनेओच्या जन्माच्या वेळी मला कळा येत होत्या, घसा वाळला होता, तरी मी मोएलाच मागितलं. आठवतं ना?"

"आठवतं की."

"मग मला का नाही?"

सासू पिठात हात घालून बसली. "तू कधी चुकलीसच नाहीस, पोरी. तुला माफ काय करायचं?"

थोरली मागल्या बाजूला गेली, तर तिथे धाकटी डोळे पुसत होती.

"मुद्दाम विचारलंत," धाकटी म्हणाली.

"हो."

"का?"

"तू आल्यापासून झऱ्यावर माझं नाव कुणी काढत नाही."

धाकटीनं नाक ओढलं. "आणि मी आल्यापासून काय ऐकतेय? थोरली अशी, थोरली तशी. म्हणून तर शब्द पाडला. तुमच्यासारखं तर होता येणार नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मालिनेओ वेताच्या पडद्याबाहेर उभी राहिली. इतक्या जवळ ती कधी गेली नव्हती. "आई, त्यांना विचारा. मलाही मोकळीक आहे का?"

आतून म्हाताऱ्याचा आवाज आला, "तिला सांग, नाही."

थोरलीनं पडद्याचा वेत घट्ट धरला.

"तिला सांग, रोज पहाटे ती पोरांना मोएला आणायला पाठवते, ते मी पडल्या पडल्या ऐकतो. माझं नाव कुणीतरी जपतंय, हे मला रोज त्यातनं कळतं. धाकटीचं ऐकून मी हसतो. थोरलीचं ऐकून उठतो."

मालिनेओ घागर उचलून झऱ्याकडे निघाली. वाटेत तिला आपलं हसू आवरेना, म्हणून तिनं ब्लँकेट तोंडावर ओढून घेतलं.

धाकटीनं दाराआडून सगळं ऐकलं होतं. मोकळीक मिळाली होती, पण दुपारी तिनं मेत्सी म्हटलं नाही. जेवताना हळूच म्हणाली, "जाऊबाई, थोडं मोएला द्या ना."

मालिनेओनं भांडं मागे घेतलं. "तो माझा आहे. तू दुसरा शोध."