सव्वीस वेळा निष्क्रिय

ऑफिसात तिला सगळे मावशी म्हणत. बावन्न वर्षांची ती एकटीच. बाकीची पोरं तिच्या लेकीच्या वयाची, त्यामुळे हे नाव पडलं आणि चिकटलं. साहेबही मावशीच म्हणायचा, कारण तोही तिच्याहून अठरा वर्षांनी लहान. ती त्याला चारचौघांत साहेब म्हणे आणि मनातल्या मनात बाळ.

मावशी प्रोग्रामर होती. कॉलेजची पायरी तिनं चढली नव्हती. चाळिशीपर्यंत घरी बसून शिंप्यांची काजं-बटणं करून दिली. मग लेकीनं कॉम्प्युटरचा कोर्स अर्ध्यात टाकून फुलांचं दुकान काढलं, तेव्हा घरात पडलेली जाडजूड पुस्तकं रद्दीत घालायला मावशीचा जीव होईना. रद्दीवाला यायला उशीर झाला आणि तोवर तिनं पहिलं पुस्तक वाचून संपवलं. ते कळलं, म्हणून दुसरं घेतलं. लेक म्हणाली, आई, तुला उद्योग नाहीत. ते खरंच होतं, पुढे झाले.

शिवणकामातली एक खोड मात्र तिनं इकडे सोबत आणली होती. दर दोन टाक्यांनी गाठ. एक ओळ लिहिली की जतन, दुसरी लिहिली की परत जतन. पोरं हसायची. वीज गेली की पोरांची तोंडं उतरायची आणि मावशी खिडकीशी उभी राहून शांतपणे चहा प्यायची.

एका हॉस्पिटलसाठी तिनं वॉर्डची नोंदवही करून दिली होती. पूर्वी सिस्टर लोक मोठ्या रजिस्टरात लिहीत. आता वॉर्डातल्या कॉम्प्युटरवर पान उघडायचं, आपल्या नावानं आत शिरायचं आणि कुठल्या खाटेला काय दिलं, काय द्यायचं राहिलं ते पुढच्या पाळीसाठी लिहून ठेवायचं. लिहिता लिहिता कोणी उठून गेलं, तर अर्ध्या तासानं वही आपोआप मिटायची.

अर्धा तास फार होतो हे एका पेशंटच्या मेव्हण्यानं सिद्ध केलं. उघड्या स्क्रीनवर त्यानं शेजारच्या खाटेचा आजार वाचला आणि जिन्यापर्यंत सगळ्यांना सांगितला. अधीक्षकबाईंचा निरोप आला, दहा मिनिटं करा. मावशीला ते पटलं. कपाट उघडं टाकून जाऊ नये, तसा स्क्रीनही. तिनं तिसाचे दहा केले. मग स्वतः बसून बघितलं. एक ओळ लिहिली, जतन केली, दुसरी लिहिली, जतन केली, मग हात मांडीवर ठेवून दहा मिनिटं भिंतीकडे बघत बसली. वही मिटली. नावाचं पान आलं आणि त्यावर साहेबानं सांगितलेलं वाक्य आलं: ‘आपण बराच वेळ निष्क्रिय असल्यामुळे आपल्याला बाहेर काढण्यात आले आहे.’ घरी आलेल्या माणसाशी असं कोणी बोलतं का, असं तिच्या मनात आलं. पण वाक्य साहेबाचं. तिनं त्याची अक्षरं बारीक केली आणि फिकट राखाडी रंग दिला, म्हणजे कोणाला फार लागणार नाही.

दीड महिन्यानं हॉस्पिटलचा फोन आला. अकरा नंबरच्या खाटेवरच्या आजोबांना दुपारचं इन्सुलिन दोनदा दिलं गेलं होतं. साखर उतरली, धावाधाव झाली, आणि संध्याकाळी आजोबा उठून बसून सगळ्यांना शिव्या देऊ लागले तेव्हा वॉर्डाचा जीव भांड्यात पडला. दुपारच्या पाळीची नवी सिस्टर म्हणत होती, नोंदच नव्हती, मी काय करू. आजोबांनी घेतलंय म्हणून सांगितलं होतं, पण ते रोज प्रत्येक औषधाला तसंच सांगायचे.

सकाळच्या पाळीची नोंद लिहिणं मोठ्या सिस्टरांचं काम. एकतीस वर्षं त्या त्याच वॉर्डात होत्या. मी लिहिलं होतं, एवढंच त्या म्हणाल्या. अधीक्षकबाईंनी दीड महिन्याच्या नोंदी चाळल्या, तर मोठ्या सिस्टरांच्या नावावर एकही नोंद नव्हती. बुधवारी चौकशी ठेवली. लिहिलेलं निघालं नाही, तर मोठ्या सिस्टरांनी गुरुवारपासून वॉर्ड सोडायचा आणि तळघरात चादरींच्या भांडारात बसायचं, असा कागद टाइप होऊन तयार होता. फक्त सही राहिली होती.

कोण कधी आत आलं, कधी बाहेर गेलं, याची यादी प्रोग्राम ठेवत असतो. हॉस्पिटलनं ती मागवली. मावशीनं काढली. दुपारी दीडला आत, एक चाळीसला ‘निष्क्रिय, आपोआप बाहेर’. दुसऱ्या दिवशी तेच. ड्यूटीचे सव्वीस दिवस, सव्वीस वेळा. साहेब खुश झाला, कारण आपल्या प्रोग्राममध्ये खोट नाही हे कागदावरच दिसत होतं आणि त्याच लोकांच्या दुसऱ्या हॉस्पिटलचं काम मिळायच्या बेतात होतं.

“मावशी, आपण कागद द्यायचा आणि अळीमिळी गुपचिळी,” तो म्हणाला.

मावशी हो म्हणाली. पण ती यादी तिच्या डोळ्यांपुढून हलेना. माणूस आळशी असला तरी इतका नेमाचा आळशी नसतो. एखाद्या दिवशी तरी बारा मिनिटांनी झोपेल.

रविवारी दुपारी नवरा टीव्हीसमोर खुर्चीत डोळे मिटून पडला होता. मॅच चालू होती. तिनं रिमोट घेऊन टीव्ही बंद केला.

“बंद का केलास? बघतोय मी.”

डोळे मिटलेलेच. तिनं खवचटपणे स्कोअर विचारला. त्यानं सांगितला, बाद कोण झाला तेही सांगितलं. तिनं टीव्ही लावून पाहिलं, बरोबर होतं. मावशी रिमोट हातात धरून तशीच उभी राहिली. तीस वर्षं ती या माणसाला झोपलेला समजत आली होती. त्यातल्या निदान निम्म्या दुपारी तो जागा असणार.

मंगळवारी प्रिंटर बघायला आले, असं सांगून ती वॉर्डात गेली. मोठ्या सिस्टर उंच, हडकुळ्या आणि घाईच्या होत्या. त्यांनी प्रिंटरकडे बोट दाखवलं आणि तिच्याकडे पाठ करून कॉम्प्युटरपुढे बसल्या. दीड वाजला होता. त्यांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि टाइप करू लागल्या, दोन बोटांनी, प्रत्येक अक्षर शोधून, मान वर न करता. मावशी प्रिंटरचं झाकण उघडून मागे उभी राहिली आणि वाचू लागली.

त्या रजिस्टरात लिहावं तसं लिहीत होत्या, पहिल्या खाटेपासून शेवटच्या खाटेपर्यंत एका दमात. चौथ्या खाटेच्या बाईंना उशी उंच लागते. सातव्या खाटेचा टाका ओला वाटतो, संध्याकाळी डॉक्टरांना दाखवावा. अकरा नंबरपाशी बोटं बराच वेळ थांबली, मग उमटलं: ‘सकाळपासून रागावलेले. जेवण अर्धे. बाराचे इन्सुलिन दिले. मुलगा येणार होता, आला नाही. तो विषय काढू नये.’

एक चाळीस होऊन गेले. काही घडलं नाही. घडायचं ते पडद्यामागे घडून गेलं होतं. एक बावन्नला मोठ्या सिस्टरांनी ‘जतन करा’ दाबलं. पडदा पांढरा झाला आणि नावाचं पान आलं. त्यांनी चष्मा उतरवून मिटला आणि उठल्या.

मावशीनं विचारलं, “हे पान रोज येतं?”

“लिहून झालं की येतंच. वही मिटली.” मग प्रिंटरवाल्या बाईला कळावं म्हणून त्यांनी समजावून सांगितलं. पूर्वी लिहून झालं की आपण आठवणीनं बंद करायचं, आता ते आपोआप बंद होतं. हल्लीच केलंय. “ज्यानं केलं त्याला अक्कल आहे.”

मावशीनं प्रिंटरचं झाकण लावलं. ते नीट लागत नव्हतं, म्हणून पुन्हा लावलं.

तिला आता सगळं सरळ दिसत होतं. बोटं थांबली की समोरचा पडदा मिटायचा, पण आत-बाहेरची यादी ठेवणारा प्रोग्राम वेगळा, माणूस काही पाठवतो तेव्हाच त्याला कळतं की कोणी आहे. बोटं चालत आहेत हे तो बघतच नव्हता, कारण मावशीनं त्याला बघायला सांगितलं नव्हतं. स्वतःच्या गाठी मारायच्या सवयीमुळे हा खड्डा तिच्या पायाखाली कधी आलाच नव्हता. बाकीच्या सिस्टर दोन-दोन शब्द लिहून मोकळ्या होत, त्यांचं जतन व्हायचं. जी बावीस मिनिटं मान वर न करता लिहायची, तिच्याच तोंडावर दार लागायचं. आणि दुपारच्या पोरींनी, नोंद नाही, हे कधी बोलून दाखवलं नव्हतं. एकतीस वर्षं काढलेल्या बाईला ते सांगणार कोण? शिवाय, वॉर्डात शिरतानाच एका पोरीनं तिला सांगितलं होतं, दोन वाजता मोठ्या सिस्टर खाटांमधून फिरत सगळं तोंडी सांगतच असत. फक्त त्या एका दिवशी दाढ काढायला जायचं होतं, म्हणून लिहून ठेवलंय म्हणाल्या आणि गेल्या.

तिनं हे सगळं त्यांना तिथंच सांगितलं. वही मी केली, हेही सांगितलं. मोठ्या सिस्टर ऐकत उभ्या राहिल्या.

“म्हणजे सव्वीस दिवस मी कोणाला लिहीत होते?”

 मग ते लिहिलेलं परत मिळेल का, असं त्यांनी विचारलं. नाही, मावशी म्हणाली. तेवढ्यात सात नंबरची घंटा वाजली आणि मोठ्या सिस्टर गेल्या.

बुधवारी सकाळी गाडीत मावशीनं साहेबाच्या कानावर घातलं. तो म्हणाला, दुरुस्ती करून टाकू ना, गाजावाजा कशाला. ती म्हणाली, आणि चादरींच्या भांडारात कोण बसणार, तू? चारचौघांत नव्हती, म्हणून साहेब म्हणायचं राहून गेलं. 

अधीक्षकबाई शब्दही हिशेबानं खर्च करणाऱ्या. त्यांनी यादी वाचली, पेन उघडून मेजावर ठेवलं आणि मावशीला एकच विचारलं, हा कागद खरा आहे का.

“कागद खरा आहे. त्यातला शब्द खोटा आहे,” मावशी म्हणाली. “त्या लिहीत होत्या. चूक माझी.”

साहेब खोकला. अधीक्षकबाई म्हणाल्या, दाखवा. मग त्यांच्याच कॉम्प्युटरवर मोठ्या सिस्टर बसल्या आणि मनात येईल ते टाइप करू लागल्या. दहा मिनिटं फार मोठी असतात. खोलीत तिघं जण दोन बोटांकडे बघत उभे होते.  अकराव्या मिनिटाला त्यांनी जतन केलं आणि नावाचं पान आलं. आत जाऊन पाहिलं, तर नोंद नव्हती.

अधीक्षकबाईंनी स्वतःचा चष्मा शोधला आणि पडद्याजवळ वाकून राखाडी ओळ वाचली. इतकी बारीक कोणी केली, असं त्यांनी विचारलं. मीच, वाक्य उद्धट वाटलं म्हणून, असं मावशीनं सांगितलं.

“उद्धट वाटलं तर बदलायचं. लपवलंत कशाला?”

 तो दिवस मावशीचा नव्हता.

मग बाईंनी तयार कागद उभा-आडवा फाडला आणि टोपलीत टाकला. मोठ्या सिस्टर वॉर्डातच राहतील, म्हणाल्या. मावशीनं यादीतल्या प्रत्येक ओळीसमोर ‘टाइप करत होत्या’ असं पेनानं लिहून सही करावी, सव्वीस वेळा, आणि तो कागद फायलीत राहील. वही आजच दुरुस्त व्हावी. दुसऱ्या हॉस्पिटलबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. विचारायचं साहेबाला धैर्य झालं नाही.

मावशी सह्या करत असताना साहेब खाली गाडीत जाऊन बसला. मोठ्या सिस्टर मात्र थांबल्या, खुर्चीच्या टोकावर. आता कसं असेल, ते त्यांना नीट समजून घ्यायचं होतं. मावशीनं लिहिता लिहिता सांगितलं. आता बोटं चालली तरी त्याला कळेल. लिहिलेलं दर मिनिटाला आपोआप बाजूला ठेवलं जाईल. बाहेर काढायच्या आधी तो मोठ्या अक्षरांत विचारेल, आणि तरी वही मिटली, तर पुन्हा आत आल्यावर तुमचं लिहिलेलं जिथल्या तिथं सापडेल.

“आणि मध्येच हात थांबवून आठवायला लागले तर?”

“किती वेळ?”

“आठवेपर्यंत.”

मावशीचं पेन थांबलं. प्रोग्रामला आकडा लागतो. काल त्या अकरा नंबरपाशी सगळ्यात जास्त थांबल्या होत्या, तेव्हा तिनं घड्याळ बघितलं होतं. तीन मिनिटं.

“दहा मिनिटं,” ती म्हणाली.

“दहा पुष्कळ झाली. दहात मी एक सलाईन लावून येईन आणि तुमचा तो मेव्हणा इथं येऊन वाचून जाईल.”

“मग पाच?”

मोठ्या सिस्टरांनी विचार केला. त्यांचा विचार संपेपर्यंत मावशी थांबली. सह्या अजून अकरा उरल्या होत्या.

“सहा करा,” त्या म्हणाल्या आणि आपली पाळी पुरी करायला खाली गेल्या.